काळारामाचं दार ते चार एकर जमीन : नाशिकच्या समतेच्या लढ्यातल्या १६ गोष्टी

मिठाच्या सत्याग्रहासाठी गांधीजी साबरमतीहून निघाले ते १२ मार्च १९३० ला. त्याच्या दहा दिवस आधी, २ मार्चला, नाशिकच्या पंचवटीत वेगळाच सत्याग्रह उभा राहिला होता. मागणी साधी होती : ज्या काळाराम मंदिरात बाकीचे हिंदू जातात, तिथं अस्पृश्यांनाही जाऊ द्या. नेतृत्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं. आणि नाशिकमध्ये पाय रोवून सगळी जमवाजमव करणारा सत्याग्रह समितीचा चिटणीस अवघ्या २७ वर्षांचा. नाव भाऊराव कृष्णाजी गायकवाड, गाव दिंडोरी तालुक्यातलं आंबे. पुढे महाराष्ट्र त्यांना ‘कर्मवीर दादासाहेब’ म्हणू लागला.

शाळेच्या पुस्तकात हा लढा दोन-चार ओळींत उरकतो. नाशिक जिल्ह्यात मात्र तो देवळापासून सुरू होऊन वसतिगृह, जलसा, रेल्वेचं वर्कशॉप आणि शेताच्या बांधापर्यंत पोचला. त्यातल्याच या सोळा गोष्टी. काही चटकदार, काही चटका लावणाऱ्या.

१. मैलभर लांब मिरवणूक, पुढे बँड

२ मार्च १९३०, रविवार. सकाळी परिषद झाली, अध्यक्ष बाबासाहेब. दुपारनंतर मिरवणूक निघाली. पुढे लष्करी चालीवर वाजणारा बँड, त्यामागे स्काउटची पथकं, मग बाया आणि पुरुष, सगळे रांगेत. लांबी सुमारे एक मैल! त्या परिषदेला आणि सत्याग्रहाला जमलेल्या लोकांचा आकडा पंधरा हजारांच्या आसपास सांगितला जातो. १९३० सालच्या नाशिकनं एवढी मिरवणूक पाहिलेली नव्हती.

मिरवणूक पूर्व दरवाजाशी आली, तर दार बंद. जिल्हाधिकारी आणि पोलीस अधिकारी आधीच हजर. मग मंडळी वळली ती थेट गोदावरीच्या घाटावर, आणि मिरवणुकीची सभा झाली. सत्याग्रह अहिंसेनंच करायचा, असं रात्री ठरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळी पुन्हा दारात.

२. दारं चार, म्हणून तुकड्याही चार

काळाराम मंदिराला चार दिशांना चार दरवाजे. एक अडवून भागणार नव्हतं. म्हणून ३ मार्चला पहिल्या तुकडीतले १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया चारही दारांवर वाटून बसले. स्त्रियांचा हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. त्या काळी बाईमाणसानं पोलिसांसमोर रस्त्यावर ठाण मांडून बसणं ही साधी गोष्ट नव्हती, आणि या बाया तर गावकुसाबाहेरच्या वस्त्यांतून आलेल्या.

यात एक गंमतही झाली. अस्पृश्यांना आत येऊ द्यायचं नाही म्हणून मंदिरच बंद ठेवावं लागलं आणि ते महिनोन्महिने बंद राहिलं. सोवळं जपण्याच्या नादात सोवळ्यातल्या भक्तांचंही दर्शन हुकलं.

३. रथ पळवला!

नाशिकचा रथोत्सव चैत्रात, रामनवमीच्या पाठोपाठ येणाऱ्या एकादशीला असतो. ९ एप्रिल १९३० च्या रथासाठी तडजोड ठरली : दोन्ही बाजूंच्या लोकांनी मिळून रथ ओढायचा. बघायला ही गर्दी! सत्याग्रही रथाच्या दोराला हात लावणार, एवढ्यात दुसऱ्या बाजूच्या मंडळींनी रथ ओढत भलत्याच गल्लीतून पळवला. गल्लीच्या तोंडाशी सशस्त्र पोलीस.

भास्कर कद्रेकर नावाचा तरुण ते कडं फोडून आत घुसला. तो अस्पृश्य नव्हे, भंडारी समाजातला. त्याच्यामागून बाकीचे धावले, दगडांचा वर्षाव झाला, कद्रेकर रक्ताच्या थारोळ्यात पडला. पुढे बाबासाहेबांनी मुंबईचे गव्हर्नर फ्रेडरिक साइक्स यांना पत्र लिहून सगळा प्रकार कळवला.

नाशकात रथ आजही निघतो. गर्दीत उभं राहून तो बघताना ९ एप्रिलची ही धावपळ आठवायला हरकत नाही.

४. सत्याग्रहातला विशीतला कवी

हा सत्याग्रह एका दिवसाचा नव्हता, तो पाच वर्षं अधूनमधून पेटत राहिला. १९३२ साली त्यात वीस वर्षांचा एक तरुण सामील झाला. नाव विष्णू वामन शिरवाडकर. पुढे ‘कुसुमाग्रज’ या नावानं अख्खा महाराष्ट्र ज्याला ओळखू लागला, तोच हा तरुण. कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, २७ फेब्रुवारी, आपण मराठी भाषा गौरव दिन म्हणून साजरा करतो. तिथून तीनच दिवसांवर काळाराम सत्याग्रहाची तारीख येते. शाळांनी दोन्ही कार्यक्रम एकाच आठवड्यात बसवायला छान संधी आहे.

५. दोन भाऊराव, दोघंही कर्मवीर

स्पर्धा परीक्षेला बसणाऱ्यांनो, इथं गडबड होते! कर्मवीर भाऊराव पाटील म्हणजे साताऱ्याकडचे, १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढणारे. कर्मवीर भाऊराव गायकवाड म्हणजे आपले नाशिकचे दादासाहेब. जन्म १५ ऑक्टोबर १९०२, निधन २९ डिसेंबर १९७१. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहात ते १९२७ सालीच होते, म्हणजे नाशिकच्या आधी त्यांची तालीम झालेली होती.

पुढची कारकीर्दही भरगच्च. १९३७ साली मुंबई विधानसभेत, १९५७ साली नाशिकमधून लोकसभेत, १९६२ पासून राज्यसभेत. १९६८ साली पद्मश्री. आणि या सगळ्यात अंगावरचं धोतर काही सुटलं नाही. त्या धोतरावरून पुढे केवढं राजकारण झालं, ते चौदाव्या गोष्टीत.

६. ‘देवासाठी नव्हतंच’ : एक पत्र

सत्याग्रहाला चार वर्षं होऊन गेली होती. पुढे काय करायचं, असा प्रश्न दादासाहेबांना पडला. ३ मार्च १९३४ ला बाबासाहेबांनी त्यांना पत्रानं उत्तर पाठवलं. त्याचा आशय असा : आपल्या लोकांनी मूर्तिपूजा करावी किंवा देवळात गेल्यानं ते बरोबरीचे होतील, म्हणून मी हा लढा उभारला नव्हता. निजलेल्या समाजात चेतना आणायचा, त्याला आपल्या स्थितीची जाणीव करून द्यायचा तो उत्तम मार्ग होता. ते काम झालं आहे. आता सगळी शक्ती राजकारण आणि शिक्षणाकडे वळवा.

तारीख पाहिलीत? दारावर पहिली तुकडी बसली त्याला त्या दिवशी बरोबर चार वर्षं झाली होती. काळाराम लढ्याकडे ‘देवळात जाऊ दिलं की नाही’ एवढ्याच नजरेनं पाहिलं तर तो फसलेला वाटतो. या पत्राच्या नजरेनं पाहा, हिशेब पार बदलतो.

७. एकवीस वर्षं आणि एक दिवस

पैठणीसाठी आणि तात्या टोप्यांच्या जन्मासाठी प्रसिद्ध असलेलं येवलं. तिथं १३ ऑक्टोबर १९३५ ला परिषद भरली. अमृतराव रणखांबे स्वागताध्यक्ष. बाबासाहेबांनी तिथंच जाहीर केलं की हिंदू म्हणून जन्माला येणं माझ्या हातात नव्हतं, पण हिंदू म्हणून मरणार नाही. त्याच परिषदेत काळारामचा सत्याग्रह थांबवायचंही ठरलं.

नागपूरला दीक्षा झाली १४ ऑक्टोबर १९५६ ला. करा हिशेब : एकवीस वर्षं आणि एक दिवस! घोषणा आणि कृती यांच्यामध्ये इतका अभ्यास, इतकी तुलना आणि इतका धीर ठेवणारा नेता विरळाच. येवल्यातली ती जागा आज ‘मुक्तिभूमी’ म्हणून ओळखली जाते.

८. मनमाडच्या रुळांवर दोन शत्रू

मनमाड म्हटलं की गाडी बदलायचं स्टेशन एवढंच आपल्याला आठवतं. पण फेब्रुवारी १९३८ मध्ये इथं जीआयपी रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली, अध्यक्ष पुन्हा बाबासाहेबच. कामगारांचे शत्रू दोन आहेत, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, ही त्यांची गाजलेली मांडणी याच मनमाडातली. आणि ब्राह्मणशाही म्हणजे ब्राह्मण जात नव्हे, स्वातंत्र्य-समता-बंधुता नाकारणारी वृत्ती. ती कुठल्याही जातीत असू शकते, असा खुलासाही त्यांनी तिथंच केला. वाद घालायला बसणारे निम्मे लोक पहिलं वाक्य सांगतात आणि दुसरं विसरतात.

९. शाहू महाराजांनी बसवलेली कोनशिला

देवळाच्या दाराआधी नाशकात वसतिगृहाचं दार उघडलं होतं. खेड्यातल्या शेतकऱ्याच्या पोरानं शहरात शिकायचं तर राहायचं कुठं, जेवायचं कुठं, हा खरा प्रश्न. १९१४ साली मराठा विद्या प्रसारक समाज उभा राहिला आणि धारच्या उदाजीराव पवारांच्या नावानं उदाजी मराठा बोर्डिंग सुरू झालं. त्याच्या इमारतीच्या कोनशिला समारंभाला १५ एप्रिल १९२० ला खुद्द शाहू महाराज नाशिकला आले.

महिना आठवतोय? त्याच्या आदल्याच महिन्यात, २१-२२ मार्चला, माणगावच्या परिषदेत शाहू महाराजांनी तरुण आंबेडकरांना अस्पृश्यांचा पुढारी म्हणून सगळ्यांसमोर उभं केलं होतं. तिथून महाराज नाशकात आले ते बोर्डिंगसाठी. दलित विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाचं काम पुढे दादासाहेब गायकवाडांनीही अंगावर घेतलं. नाशकातल्या चळवळीचा धागा पकडायचा असेल तर वसतिगृहांची यादी करत जावं.

१०. चार अक्षरांत तीन माणसं

गंगापूर रोडवरच्या ‘केटीएचएम’ कॉलेजात शिकून गेलेल्यांनाही हे चटकन सांगता येत नाही. के म्हणजे कर्मवीर, टी म्हणजे रावसाहेब थोरात, एच म्हणजे भाऊसाहेब हिरे, एम म्हणजे अण्णासाहेब मुरकुटे. तिघंही मराठा विद्या प्रसारक समाजाच्या उभारणीतले. बहुजनांच्या पोरांसाठी गावोगाव धान्य आणि पैसा गोळा करणारी ही पिढी. आज पोरं ‘केटी’ एवढंच म्हणतात, त्यामुळे हिरे आणि मुरकुटे दोघंही गळतात!

आणि त्याच गंगापूरच्या बाजूला पुढे गेलात की १९८९ साली स्थापन झालेलं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ लागतं. शाळा अर्धवट सुटलेली गृहिणी, वाहनचालक, शेतकरी असे कितीतरी जण इथून पदवी घेऊन बाहेर पडले. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचं ब्रीद, गोदाकाठच्या विद्यापीठाला शोभेल असंच.

११. शरणपूरचा विद्यार्थी लंडनच्या अ‍ॅबेत

शरणपूर रोडवरून रोज जाणाऱ्यांसाठी ही खास. एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीनं शरणपूरला वसाहत आणि शाळा चालवली. गुलामांच्या जहाजांतून इंग्रज आरमारानं सोडवलेली आफ्रिकी मुलंही तिथं आणून ठेवली. इतिहासात ती ‘नासिक बॉइज’ म्हणून नोंदली गेली.

त्यातला एक जेकब वेनराइट. संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८७३ साली आफ्रिकेच्या आतल्या भागात वारला, तेव्हा जेकब तिथं होता. त्यानं प्रार्थना वाचली, झाडाच्या खोडावर नाव आणि तारीख कोरली, देह समुद्रकिनाऱ्यापर्यंत नेणाऱ्या जथ्यात तो चालला आणि त्या प्रवासाची रोजनिशीही त्यानं लिहिली. १८ एप्रिल १८७४ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेत अंत्यसंस्कार झाले, तेव्हा शवपेटीला खांदा देणाऱ्यांमध्ये तो होता. गुलाम म्हणून विकला गेलेला मुलगा, नाशकात अक्षरं शिकला आणि जगाच्या इतिहासाचा साक्षीदार झाला.

१२. न्यायमूर्तींचं निफाड, लक्ष्मीबाईंचं जलालपूर

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे जन्मले निफाडला, १८४२ साली. त्यांची नाशिकला बदली झाली, तेव्हा पत्नी रमाबाईंनी इथंच पहिलं जाहीर भाषण केलं. लिहून दिलं होतं न्यायमूर्तींनी! पुढे पुण्यातल्या मुलींच्या शाळेसाठी आणि सेवासदनासाठी रमाबाई स्वतःच्या शब्दांत बोलायला लागल्या.

दुसऱ्या लक्ष्मीबाई टिळक. जन्म नाशिकजवळच्या जलालपूरचा, १८६८ साली, सोवळ्याच्या कडक घरात. शाळेचं तोंड पाहिलं नाही, लिहा-वाचायला लग्नानंतर शिकल्या. नवरा नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाला, त्यानंतर कितीतरी काळ यांनी आपलं सोवळं सांभाळलं. मग विचार करकरून जातपात स्वतःच टाकून दिली. ती सगळी घालमेल ‘स्मृतिचित्रे’त आहे, आणि ती वाचताना हसूही आवरत नाही. १९३६ साली नाशकातच त्यांचं निधन झालं.

१३. दोन हजार वर्षांपूर्वीचा जातीचा अभिमान, दगडात कोरून

पांडवलेण्यांच्या पायऱ्या दम लागेपर्यंत चढलात की लेणं क्रमांक तीन गाठा. व्हरांड्याच्या भिंतीवर ब्राह्मी लिपीत लांबलचक लेख आहे. सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षी त्याची आजी गौतमी बलश्री हिनं हे लेणं बौद्ध भिक्षूंना दान दिलं, त्याची ही नोंद. दानाबरोबर आजीबाईंनी मुलाचं, म्हणजे गौतमीपुत्र सातकर्णीचं, तोंड भरून कौतुक केलं आहे. आणि त्या कौतुकात एक मुद्दा असाही आहे की यानं चार वर्णांचा संकर थांबवला!

म्हणजे दान बौद्धांना, अभिमान वर्णव्यवस्थेचा, आणि राजाची ओळख आईच्या नावानं. एकाच भिंतीवर इतका विरोधाभास क्वचित सापडतो.

पण याच डोंगरात दुसरी भिंतही बोलते. लेणी खोदायला पैसे देणारे फक्त राजे-राण्या नव्हते. मुगूदास नावाचा ‘दासक’, म्हणजे अभ्यासकांच्या मते कोळी किंवा नावाडी, यानंही इथं लेणं दिलं. इंद्राग्निदत्त नावाच्या यवनानं, म्हणजे ग्रीक वंशाच्या माणसानंही दिलं. शक स्त्री विष्णुदत्ता हिचाही लेख आहे. वर्णसंकर थांबला म्हणून राजघराणं खूश होतं, पण या डोंगरावर कोळी, ग्रीक आणि शक अशी सगळी नावं शेजारी शेजारी कोरलेली.

१४. जलसा, गाणी आणि चोरलेली जात

भाषणं सगळ्यांना ऐकायला मिळत नव्हती आणि वर्तमानपत्रं वाचता येत नव्हती. मग विचार पोचवायचे कसे? भीमराव कर्डक आणि मंडळींनी १९३० च्या दशकात नाशिक जिल्हा युवक संघाचा जलसा उभा केला. तमाशाच्या ढंगातलं गण, सवाल-जवाब, फार्स असं सगळं, पण विषय पाणवठा, शाळा, सावकार आणि वतन. रात्रभर हसवून पहाटे विचार करायला लावणारा हा प्रकार.

सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक, जन्म १९२२, तर मोठे होईपर्यंत निरक्षर होते. मुंबईत असताना कुणीतरी पत्र वाचून दाखवायला दिलं आणि वाचता येईना. ती लाज मनात घेऊन दुकानांच्या पाट्या वाचत त्यांनी अक्षरं गिरवली, असं सांगतात. त्याच माणसानं पुढे हजारो भीमगीतं लिहिली.

आणि बाबुराव बागूल. जन्म १७ जुलै १९३०, विहितगाव, म्हणजे सत्याग्रहाच्याच वर्षी. सुरतेला नोकरीसाठी गेले असताना खोली मिळावी म्हणून जात लपवावी लागली. तो अनुभव पुढे ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या १९६३ च्या कथासंग्रहाच्या मुळाशी आला. मराठी कथा त्यानंतर पहिल्यासारखी राहिली नाही.

या मांदियाळीत शांताबाई दाणींना विसरून चालणार नाही. नाशिकच्या दलित वस्तीतली ही मुलगी कॉलेजपर्यंत शिकली, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनमध्ये बायांना संघटित करत फिरली, मुलींची वसतिगृहं आणि शाळा चालवली, १९६८ ला विधान परिषदेत गेली. आत्मकथन लिहिलं ते ‘रात्रंदिन आम्हा’. नाव तुकोबांच्या अभंगातलं, कथा स्वतःच्या वाट्याला आलेल्या युद्धाची.

आता ते धोतर. बाबासाहेबांच्या पश्चात १९५७ साली रिपब्लिकन पक्ष निघाला आणि लवकरच फुटला. बी. सी. कांबळे यांच्या गटाला लोक म्हणत ‘दुरुस्त’, मग साहजिकच दुसरा गट झाला ‘नादुरुस्त’! एकीकडे सुटाबुटातले पदवीधर, दुसरीकडे खेड्यातल्या माणसात मिसळलेले, कम्युनिस्टांबरोबर मोर्चा काढायला न कचरणारे धोतरवाले दादासाहेब. शिकलेल्यांनी बिनशिकलेल्याला हिणवायचं, ही जुनी खोड समतेच्या पक्षातही शिरली होती. गर्दी मात्र धोतरामागेच उभी राहिली.

१५. कसेल त्याची नाही, तर निदान पडीक तरी द्या

दादासाहेबांना एक गोष्ट पक्की कळली होती. शिकलेलं पोर शहरात जाईल, पण गावात राहणाऱ्याचं काय? महार वतन म्हणजे बलुत्याच्या तुकड्यावर चोवीस तास राबणं. ते संपवणारा कनिष्ठ वतनांचा कायदा १९५८ साली झाला, त्यामागे त्यांचा जन्मभराचा पाठपुरावा होता. वतन गेलं, पण पोटाला जमीन हवी. म्हणून १९५९ साली भूमिहीनांचा पहिला मोठा सत्याग्रह, आणि ६ डिसेंबर १९६४ पासून देशभर दुसरा. सरकारी पडीक जमीन आम्हाला कसायला द्या, ही मुख्य मागणी. अटक झालेल्यांचा आकडा लाखांत गेला. तुरुंग अपुरे पडले.

मागण्यांच्या यादीत आणखी एक होती : संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचं तैलचित्र लावा. ते लागलं १२ एप्रिल १९९० ला. तोवर दादासाहेबांना जाऊन अठरा वर्षं उलटली होती.

१६. तिकिटावर चेहरा, सातबाऱ्यावर नाव

१४ एप्रिल १९६६ ला बाबासाहेबांवर पहिलं टपाल तिकीट निघालं, किंमत १५ पैसे. छापलं कुठं? नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये! ज्या शहरात त्यांना देवळाचं दार उघडलं नव्हतं, त्याच शहरातून त्यांचा चेहरा देशातल्या प्रत्येक टपालपेटीत गेला. मंदिराचं दारही तोवर कायद्यानं उघडलं होतं. मुंबई प्रांताचा मंदिरप्रवेशाचा कायदा १९४७ चा. २००२ साली, जन्मशताब्दीला, दादासाहेबांवरही तिकीट निघालं.

पण त्यांचं खरं स्मारक तिकिटाहून मोठ्या कागदावर आहे. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध समाजातल्या दारिद्र्यरेषेखालच्या भूमिहीन कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन देणारी राज्य सरकारची योजना ‘कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजना’ या नावानं चालते. आधी निम्मं अनुदान आणि निम्मं कर्ज असायचं. २०१८ पासून पूर्ण अनुदान. विकायला तयार असलेली चांगली जमीन योजनेच्या भावात मिळणं हीच आता यातली खरी अडचण. १९५९ साली पडीक जमीन मागावी लागत होती, आज बागायतीचा सातबारा मागता येतो.

फिरायला निघालात तर

एका दिवसात हा सगळा लढा पायाखालून घालता येतो. सकाळी ऊन चढायच्या आत पांडवलेणी, लेणं क्रमांक तीनचा व्हरांडा आणि पायथ्याचं बुद्ध स्मारक. मग पंचवटीत काळाराम. पूर्वेच्या दारानंच आत जा आणि बाहेर पडताना बाकीची तीन दारंही मोजा. तिथून रामकुंडाच्या घाटावर, जिथं मिरवणुकीची सभा झाली. दुपारी शरणपूर रोड, गंगापूर रोड. हाताशी आणखी एक दिवस असेल तर येवल्याची मुक्तिभूमी. पैठणीची खरेदी त्याच फेरीत उरकते.

आणि नाशकातच राहत असाल तर याहून सोपं काम. दादासाहेब गायकवाड सभागृहात प्रदर्शनाला नाहीतर कुणाच्या सत्काराला आपण जातोच. मध्यंतरात शेजारच्या खुर्चीवाल्याला विचारा, हे दादासाहेब कोण? उत्तर आलं नाही तर वरच्या सोळांतली कुठलीही एक सांगा. रथाची सांगितलीत तर कार्यक्रम पुन्हा सुरू झाल्यावरही तो पुढचं विचारत बसेल.